अंतर, प्रवास आणि घड्याळ

पाठाविषयी थोडेसे

दूरदेशाहून विमानाने येणाऱ्या माणसाची वाट पाहण्याचा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो. तो केव्हा निघणार हे ठाऊक असते. परंतु केव्हा पोचणार, हे काढताना चूक होते. ती चूक कोठे होते, हे या पाठात पाहू.

मूलपाठ

जबलपूर शहरात गोरखपूर नावाची वस्ती आहे. तेथील एका मराठी घराची कल्पना करा. आईची शस्त्रक्रिया ११ जानेवारीस सकाळी दहा वाजता ठरली आहे. मुलगा अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे असतो. तो दूरध्वनीवर सांगतो, "९ तारखेला रात्री साडेआठचे विमान आहे. बंगळूरपर्यंत सतरा तास लागतील." वडील बोटे मोजतात : १० तारखेस दुपारी दीड वाजता बंगळूर, रात्रीपर्यंत घर! आईचा जीव भांड्यात पडतो.

हा हिशेब मात्र चुकला आहे. साडेआठ ही वेळ सॅन फ्रान्सिस्कोची आहे. जानेवारीत तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. दुपारी दीड हीही तेथलीच वेळ झाली. तीत साडेतेरा तास मिळविले की ११ तारखेची पहाटेची तीन वाजण्याची वेळ येते.

असा प्रवास प्रत्यक्षात घडलेला आहे. एअर इंडियाचे एक विमान ९ जानेवारी २०२१ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे बंगळुरास उतरले. कॅप्टन झोया अग्रवाल व त्यांच्या सहकारी वैमानिक, सर्व स्त्रियाच, ते चालवीत होत्या. तारखा दोन उलटल्या, तरी उड्डाण सुमारे सतरा तासांचेच होते.

या दोन विमानतळांतील सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. विमानाने कापले सुमारे १६,००० किलोमीटर. वाऱ्याची दिशा, हवामान आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी पाहून मार्ग ठरतो. हे विमान उत्तर ध्रुवावरून आले. सपाट नकाशावर हा मार्ग आडवळणाचा वाटेल. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तोही बराच उत्तरेकडून जाईल.

बंगळूर म्हणजे घर नव्हे. तेथे पारपत्राची तपासणी, सामान, पुढील विमानाची प्रतीक्षा. नंतर जबलपूरचा सुमारे १,१३० किलोमीटरचा हवाई प्रवास आणि डुमना विमानतळाहून शहरापर्यंतचा रस्ता. तेव्हा दहाच्या आत मुलगा रुग्णालयात पोचेलच, अशी खात्री धरता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मायलेकांची भेट व्हावयाची असेल, तर त्याने ८ तारखेसच निघावयास हवे.

आणखी एक दक्षता. उत्तर प्रदेशातही गोरखपूर आहे आणि तेथे विमानतळही आहे. या घरी येणाऱ्याने तिकीट जबलपूरचेच काढावे.

शब्दार्थ

पारपत्र – परदेशप्रवासाचा परवाना, पासपोर्ट
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे
आडवळणाचा – सरळ नसलेला, वळसा घेणारा

पाठगत प्रश्न

१. वडिलांच्या हिशेबात कोणती चूक झाली?
२. सरळ अंतरापेक्षा विमानाचा मार्ग लांब का असतो?
३. जुलैत घड्याळांतील फरक साडेबारा तासांचा असतो. ९ जुलैस रात्री साडेआठला निघालेले हेच विमान बंगळुरास केव्हा पोचेल?