एका शेठच्या हजारापेक्षा शंभर जणांचे दहा
लहान महाविद्यालयाचा फुटबॉल संघ चालवण्याचे अर्थशास्त्र

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जिथे खर्च आहे, गिऱ्हाईक आहे, माल आहे आणि उधारीही आहे, तो शेवटी व्यवहारच. लहान गावातील महाविद्यालयाचा फुटबॉल संघ हा असाच एक व्यवहार आहे. तो सुरू होतो मोठ्या उत्साहाने आणि दोन-तीन वर्षांत गुपचूप बंद पडतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, "पैसा नव्हता." आमच्या मते पैसा गावात असतो. तो गोळा करण्याची आणि टिकवण्याची पद्धत नसते.

हा प्रश्न किरकोळ समजू नये. रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातील घाटाखालचे गाव. येथील आणि आसपासची मुले पुढच्या शिक्षणासाठी मोताळा, मलकापूर, बुलढाणा येथे एस.टी.ने ये-जा करतात. खेळात पुढे जाण्याची त्यांची शिडी महाविद्यालयाच्या संघापासूनच सुरू होते. आधी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ सामने. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवरील स्पर्धेत यश लागते. खालची पायरीच मोडली तर वरच्या पायऱ्या कागदावर राहतात.

खर्च नेमका कुठे होतो?

फुटबॉल हा तसा स्वस्त खेळ. क्रिकेटसारखे पॅड, ग्लोव्हज, बॅट लागत नाहीत. ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा एक चेंडू बावीस जणांना पुरतो. गोलचे खांब ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. ते गावातला वेल्डिंगवालाही करून देतो.

खरा खर्च न दिसणारा आहे. बाहेरगावच्या सामन्याचे गाडीभाडे, तेथील जेवण, बूट, दुखापतीची मलमपट्टी, आणि सरावानंतर शेवटची एस.टी. चुकलेल्या मुलाची घरी जाण्याची सोय. आमच्या भागात यात आणखी एक अडचण आहे. स्पर्धा साधारण दिवाळीच्या आगेमागे येतात आणि तेच दिवस कापूस वेचणीचे. मुलगा शेतात राबला तर घरात मजुरी वाचते. त्याने चार दिवस सामन्याला जावे यासाठी निदान त्याच्या खिशातून काही जाऊ नये, एवढी काळजी संघाने घ्यायला हवी.

महाविद्यालय प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क घेते. पण ती रक्कम सर्व खेळांत वाटली जाते. विद्यार्थीसंख्या कमी असेल तर फुटबॉलच्या वाट्याला चेंडू आणि एखादा प्रवास, इतकेच येते. मग सगळे एखाद्या मोठ्या शेठच्या दाराशी जातात. चूक येथेच सुरू होते.

एका खांबावरचा तंबू

आम्ही कापडवाले, म्हणून दाखला कापडाचाच देतो. एके काळी मुंबईत मफतलाल आणि ऑर्के मिल यांचे फुटबॉल संघ होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या कापडधंद्याची घडी विसकटली. आज हे संघ मैदानावर नाहीत. पंजाबात फगवाड्याच्या जे.सी.टी. या कापड गिरणीने १९७१ मध्ये संघ उभा केला. १९९६-९७ मध्ये पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद त्याच संघाने पटकावले. २०११ मध्ये कंपनीने संघ बंद केला. स्पर्धा लोकांपर्यंत पोहोचत नाही, मग पैसा कशासाठी घालावा, हा कंपनीचा सवाल होता. धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही.

देशाच्या पातळीवरही तेच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये एकाच व्यावसायिक भागीदाराशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. मुदत संपत आली, नूतनीकरण ठरेना, आणि जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच रोखून धरावा लागला. तंबू एका खांबावर असला की खांब सोन्याचा असला तरी धोका तोच.

गर्दी हे भांडवल आहे, पण वसूल केले तर

आम्ही उर्दू शाळेत होतो तेव्हा कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचे नाव पोरांच्या तोंडी असे. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली. १९४० मध्ये तो ड्युरँड चषक जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. चाहते देशभर. तरीही २०१४ मध्ये पैशाअभावी वरिष्ठ संघ स्थगित करण्याची वेळ आली. पुढे गुंतवणूकदार आले, क्लब २०२४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचला, आणि पहिल्याच हंगामात खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या. टाळ्या वाजवणारे लाखो असले तरी त्यांच्याकडून नियमित वर्गणी येण्याची पक्की वाट नसेल, तर ती लोकप्रियता खात्यात जमा होत नाही.

आपल्या राज्यात याच्या बरोबर उलट बाजू पाहायची तर कोल्हापुरात पाहावी. तेथे संघ कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराण्याच्या नावासारखी घेतली जातात. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला हजारो लोक तिकीट काढून येतात. दुकानदार, व्यावसायिक, माजी खेळाडू आपापल्या संघाला हातभार लावतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मात्र ईर्षा हाताबाहेर गेली की प्रेक्षकांत हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात, हेही कोल्हापूरने पाहिले आहे. गर्दी हे भांडवल आहे खरे, पण त्याला शिस्तीचे कुलूप हवे.

विदर्भातलाही एक दाखला आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना घेऊन २००१ मध्ये जे काम सुरू केले, तेच पुढे 'स्लम सॉकर' म्हणून जगाला माहीत झाले. २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. सुरुवात करायला कंपनी लागत नाही. लागतो तो रोज मैदानावर येणारा एक शिक्षक.

दूरचे एक उदाहरण अमेरिकेतील ग्रीन बे या गावाचे. तेथील फुटबॉल वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन खेळतात. पण व्यवहार शिकण्यासारखा आहे. पैशाची अडचण आली तेव्हा १९२३ मध्ये 'पॅकर्स' या संघाने गावकऱ्यांना ५ डॉलरचा एक याप्रमाणे भाग विकले. आज त्या संघाचे ५ लाखांहून अधिक भागधारक आहेत, आणि गावाची वस्ती सुमारे १ लाख. भागावर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकताही येत नाही. तरी लोक घेतात, कारण संघ आपला आहे याची ती पावती असते. मोठमोठ्या शहरांच्या संघांत हा लहान गावाचा संघ शंभर वर्षे टिकला आहे.

हिशेब मांडून पाहू

आता आपल्याकडचा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, संघाचा वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये आहे.

१०० शेतकरी, हंगामात एकदा ३०० रुपये : ३०,०००
५० दुकानदार, आठवड्याला १० रुपये : २६,०००
५० नोकरदार, महिन्याला ५० रुपये : ३०,०००
४० माजी विद्यार्थी, वर्षाला ५०० रुपये : २०,०००
एकूण : १,०६,०००

उरलेले १४,००० जर्सीविक्री आणि सामन्याच्या दिवशीचा चहा-नाश्ता यांतून उभे राहू शकतात. आता यातील चौथा हिस्सा वर्गणीदारांनी दिलेच नाही असे धरा. तरी ७९,५०० हाती येतात. एखादा दौरा कमी होईल, पण संघ खेळेल. याउलट सगळी रक्कम एकाच शेठने दिली असती आणि त्याचा धंदा बसला किंवा मर्जी फिरली, तर हाती शून्य.

या यादीत वसुलीच्या वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. उधारीचा धंदा करणारा हे जाणतो. शेतकऱ्याकडे दर महिन्याला मागायला गेलात तर तो तोंड चुकवेल. सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर जा, तो हसून देईल. दुकानदाराला गल्ल्यातून दहा रुपये जड नाहीत, एकदम पाचशे जड वाटतात. नोकरदाराकडे पगाराच्या आठवड्यात जावे. ज्याच्या हातात पैसा जेव्हा येतो, तेव्हाच त्याच्याकडे जाणे हीच वसुली.

सहा कामे, याच क्रमाने

१. आधी प्रेक्षक जमवा. सामन्याचा वार आणि वेळ पक्की ठेवा, शक्य तर बाजाराच्या दिवशी. हॉटेलात आणि एस.टी. थांब्यावर खडूने फळा लिहा. वर्षातून एकदा माजी विद्यार्थी विरुद्ध आजचा संघ असा सामना ठेवा. वडीलधाऱ्यांसाठी सावलीत चार बाकडी टाका. ज्याने सामना पाहिला नाही त्याच्याकडे वर्गणी मागू नका.

२. मंडळ नोंदवा. समर्थक मंडळ प्राचार्यांच्या संमतीने स्थापन करून सोसायटी नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवावे. बँक खाते दोन सह्यांचे हवे. आयकरात सवलत मिळणारी देणगी घ्यायची असेल तर त्याची वेगळी मान्यता लागते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे.

३. एका दात्याचा वाटा चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नका. जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले यांना एक ठराविक काम द्या. "यंदाचा प्रवास तुमचा" किंवा "यंदाचे बूट तुमचे". आपला पैसा कशात गेला हे दिसले की माणूस पुढच्या वर्षीही देतो. मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची वाट पाहत बसू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तो खर्च ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक असलेल्या कंपनीलाच बंधनकारक आहे. त्यात ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण बसते, पण आपल्या तालुक्यात अशा कंपन्या किती?

४. जर्सी विका, पण जपून. खेळाची जर्सी हा लूमवर विणलेल्या कापडाचा माल नसून होजिअरीचा माल आहे. लुधियाना आणि तिरुपूर ही त्याची मोठी ठिकाणे. आधी मापांची यादी करून निम्मी रक्कम आगाऊ घ्या, मगच ऑर्डर द्या. लहान मुलांची मापे विसरू नका. घरात आधी त्यांचाच हट्ट पुरवला जातो. जर्सीवर साल छापू नका. साल छापले की उरलेला माल पुढच्या वर्षी रद्दी होतो, नुसते महाविद्यालयाचे नाव असेल तर तो खपतो.

५. शिस्तीचा नियम आधी सांगा. पंचाच्या अंगावर जाणारा किंवा शिवीगाळ करणारा समर्थक पुढच्या तीन सामन्यांना येणार नाही, मग तो वर्गणीदार असो की पदाधिकाऱ्याचा मुलगा. एका भांडणाने शंभर बायकामुले मैदानाकडे पाठ फिरवतात.

६. हिशेब भिंतीवर लावा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा, खर्च आणि शिल्लक महाविद्यालयाच्या फाटकाशी लागली पाहिजे. जमेतला दहावा हिस्सा दुखापतीसाठी राखीव ठेवावा. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, तो पैसा या निधीत मिसळू नये. वर्गणी ही अमानत आहे. दहा रुपये देणाऱ्यालाही दहा हजार देणाऱ्याइतकाच हिशेब विचारण्याचा हक्क आहे.

हे सारे करायला वर्ष लागेल. पहिल्या वर्षी यादीतले निम्मेच लोक येतील, संघ कदाचित पहिल्याच फेरीत हरेल. त्याने खचू नये. हरलेल्या संघाच्या मागेही जे पन्नास जण पुढच्या सामन्याला येतात, तेच खरे बांधलेले गिऱ्हाईक. त्यांच्या जोरावर दुसऱ्या वर्षीची वर्गणी मागता येते. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी प्राचार्य, क्रीडा शिक्षक, चार व्यापारी आणि दोन माजी खेळाडू यांनी एकत्र बसावे. चेंडू घेण्याआधी त्यांनी क्रमांक छापलेले पावती पुस्तक घ्यावे, आणि पहिली पावती बैठकीला बसलेल्यांनी स्वतःच्याच नावाने फाडावी.