विष्किर पक्ष्यांचे मांस आणि आजची चिकित्सा
(माघ-फाल्गुनातील लावा-तितरांच्या मागणीचा शास्त्रीय विचार)

प्रास्ताविक

रब्बीची ज्वारी कापणीला आली, हरभरा घाट्यांवर आला की पैठण, गंगापूर, कन्नड या तालुक्यांतून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक वैद्यास एक प्रश्न हमखास विचारतात. दीर्घ ज्वरातून उठलेला रुग्ण असो, बाळंतीण असो वा पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला वृद्ध असो, "लाव्याचा किंवा तितराचा रस्सा दिला तर लवकर ताकद येईल ना? सध्या शेतात पुष्कळ मिळतात," असे ते म्हणतात. काही जण तर पिंजराच सोबत घेऊन येतात.

या प्रश्नाला संहितेचे उत्तर होकारार्थी आणि कायद्याचे नकारार्थी आहे, असा समज आपल्यापैकी अनेकांचा आहे. परिणामी काही वैद्यबंधू कानाडोळा करतात, तर काही केवळ कायद्याचे भय दाखवून विषय संपवतात. या दोन्हींमुळे रुग्णाचे नुकसान होते. संहितांनीच सांगितलेल्या कसोट्या लावल्या, तर शेतात पकडलेला पक्षी बहुतेक वेळा शास्त्रानेच त्याज्य ठरतो आणि त्याला योग्य प्रतिनिधी द्रव्यही शोधता येते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७व्या अध्यायात मांसाचे आठ वर्ग येतात. पायांनी माती उकरून भक्ष्य शोधणारे ते विष्किर. लाव, वर्तक, तित्तिर, कपिंजल, मयूर, कुक्कुट हे सर्व याच वर्गातील. सूत्रस्थानाच्या २५व्या अध्यायात पक्षिमांसांमध्ये लाव हा हिततम सांगितला आहे. ऋतुचर्येत वसंत आणि शरद या दोन्ही ऋतूंत लाव व कपिंजल यांचे मांस पथ्य म्हणून येते. तेव्हा हिवाळा सरताना लोकांना लाव्याची आठवण होणे परंपरेस धरूनच आहे.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात केलेला एक भेद मात्र आपण विसरतो. लाव लघु असून वर्तकादी पक्षी किंचित गुरू, उष्ण, स्निग्ध आणि बृंहण आहेत. त्यांतही तित्तिर श्रेष्ठ असून तो अग्नी, बल व मेधा वाढवणारा, ग्राही आणि वातप्रधान सन्निपातात हितकर आहे. म्हणजे "लावा काय, बटेर काय, सारखेच" हे लोकमत शास्त्रसंमत नाही. आपल्या माळरानावर बारमाही राहणारा छोटा लावा आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारा बटेर हे भिन्न पक्षी आहेत. बटेराचे गुण वर्तकाच्या अंगाने पाहावे लागतात.

ग्राह्य व त्याज्य मांस

त्याच २७व्या अध्यायात चरकाचार्यांनी कोणते मांस टाकून द्यावे हे सांगितले आहे : आपोआप मेलेल्या, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, अगदी लहान, विषाने मेलेल्या, स्वतःच्या स्वाभाविक चरण्याच्या प्रदेशाबाहेर पोसलेल्या आणि हिंस्र श्वापदाने वा सर्पाने मारलेल्या प्राण्याचे. या कसोट्या आज आपल्या दारी येणाऱ्या पिंजऱ्यास लावून पाहाव्यात.

विष : लावे आणि बटेर सापडतात ते कापणीच्या ज्वारीत, गव्हात आणि हरभऱ्यात. घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारणी होते, पेरणीचे बियाणे औषध चोळलेले असते. पक्षी नेमके तेच दाणे व तेच किडे खातो.

मेद : परतीच्या प्रवासाआधी बटेर अंगात चरबी साठवतो. फाल्गुन-चैत्रात पकडलेला पक्षी म्हणूनच मेदस्वी असण्याचा संभव अधिक. वसंतात कफ द्रवीभूत होत असताना लघु म्हणून दिलेले मांस प्रत्यक्षात गुरू व स्निग्ध असते.

मृत्यू : फासात किंवा जाळ्यात सापडलेले अनेक पक्षी घाबरून वा जखमेने मरतात आणि विक्रेत्याकडे ते ताज्या मांसातच मिसळतात. बंदुकीने मारलेल्या पक्ष्याच्या मांसात शिशाचे छर्रे व त्यांचे बारीक कण राहतात. डाळिंब, चिंच, कोकम अशा आम्ल द्रव्यांसह शिजवल्यास शिसे अधिक विरघळते. आपला रसविधी तर बहुधा आम्लयुक्तच असतो.

चराचे, म्हणजे प्राण्याच्या चरण्याच्या प्रदेशाचे महत्त्व इतर देशांनीही अनुभवले आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात स्थलांतराच्या काळातील बटेर खाल्ल्यानंतर स्नायूंमध्ये तीव्र वेदना, पेशींचा नाश आणि वृक्कांना इजा असे लक्षणसमूह प्राचीन काळापासून नोंदलेले आहेत. पक्ष्याने खाल्लेली बीजे त्याला बाधत नाहीत, मात्र त्याचे मांस खाणाऱ्यास बाधतात, असे मानले जाते. पक्षी धडधाकट दिसतो म्हणून त्याचे मांस निर्विष ठरत नाही.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये मूलतः परवान्याने शिकारीची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीने ती संपली. शिकार या संज्ञेत मारण्यासोबत पकडणे, फासे लावणे, घरटी व अंडी यांची हानी करणे हेही येते. तितर, लावे, बटेर हे संरक्षित पक्षी आहेत. पैठणच्या नाथसागराभोवतीचे जायकवाडी पक्षी अभयारण्य व कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य ही दोन्ही १९८६ पासून संरक्षित असून तेथील अपराध अधिक गंभीर मानला जातो. रुग्णाला रानपक्ष्याचे मांस लिहून देणारा वैद्य अपराधाला प्रोत्साहन देतो, हे ध्यानात ठेवावे.

औषधनिर्मात्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून तो पहिल्या अनुसूचीत आहे. चिकित्सास्थानात सांगितलेले मयूरमांसाचे घृत आज कोणत्याही निर्माणशाळेत करता येत नाही. मयूरपिच्छ भस्मासाठी केवळ आपोआप गळलेली पिसे घ्यावीत व खरेदीची नोंद ठेवावी. पिसाच्या देठावर रक्त वा मांसाचा अंश दिसल्यास माल परत करावा.

फासेपारध्यांसारख्या समाजांनी हे पक्षी पिढ्यानपिढ्या पकडले. त्या समाजावर १८७१च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पिंजरा घेऊन येणाऱ्या गरीब माणसाला दरडावण्यापेक्षा मागणी बंद करणे हा वैद्याच्या हातातील खरा उपाय आहे. आपण लिहून देत राहिलो, तर पकडणारेही राहतील.

प्रतिनिधी द्रव्य : पाळीव बटेर

जपानी बटेर १९७४ मध्ये भारतात आणला गेला आणि इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या पालनाचा प्रसार केला. १७-१८ दिवसांत अंडे उबते व पाच-सहा आठवड्यांत पक्षी दीडशे ते दोनशे ग्रॅम होतो. त्याला लाव म्हणून देऊ नये. वर्तकाचा निकटवर्ती म्हणून त्याचे गुण योजावेत.

आहारद्रव्याच्या परीक्षणासाठी चरकाचार्यांनी चर, शरीरावयव, स्वभाव, धातू, क्रिया, लिंग, प्रमाण, संस्कार आणि मात्रा असे नऊ मुद्दे दिले आहेत. त्यांतील काही येथे लागू करून पाहू.

क्रिया : बहुचेष्ट प्राण्याचे मांस लघु व आळशी प्राण्याचे गुरू. पिंजऱ्यात वाढलेला बटेर रानातल्या पक्ष्यापेक्षा गुरूच समजावा.

अवयव : मांडीचे मांस सर्वांत लघु. त्यापेक्षा खांदा, मग छाती व शिर उत्तरोत्तर गुरू. त्वचा, यकृत, वृक्क हे मांसाहून गुरू. दुर्बल अग्नीच्या रुग्णास त्वचा व अंतर्गत अवयव काढून द्यावेत.

लिंग : पक्ष्यांमध्ये नर लघु सांगितला आहे. बटेरात नराची छाती तांबूस व एकरंगी असते, मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात. तीन आठवड्यांनंतर हा फरक स्पष्ट होतो.

संस्कार : शुंठी, जिरे, धने, मिरी यांसह रस करावा. एरंडतैलात वा एरंडाच्या लाकडावर तित्तिर, लाव, कपिंजल शिजवणे विरुद्ध सांगितले आहे. तोच नियम या पक्ष्यासही पाळावा.

रसविधी व उपयोग

माझ्या चिकित्सालयात पुढील पद्धत वापरली जाते. एका पक्ष्याचे त्वचारहित मांस स्वच्छ करून एक लिटर पाण्यात शुंठी, धने व सैंधव घालून मंदाग्नीवर चतुर्थांश आटवावे. गाळून वरचा स्नेह काढावा. मग जिऱ्याची फोडणी व थोडा डाळिंबाचा रस घालावा. पहिल्या दिवशी माध्यान्ही ५० मिली, पचन नीट असल्यास क्रमाने १५० मिलीपर्यंत. २००६ मध्ये नवापूर परिसरात झालेल्या पक्षीज्वराच्या प्रादुर्भावानंतर एक गोष्ट नातेवाइकांना आवर्जून सांगावी : मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सियस तापले पाहिजे आणि कच्च्या मांसाचे हात व पाट वेगळे धुतले पाहिजेत.

संसर्जनक्रमात मांसरस शेवटी येतो, हे विसरू नये. पेया, विलेपी, यूष यांनंतरच त्याची पाळी. साम अवस्था, नवज्वर, वातरक्त, तसेच वृक्करोगामुळे प्रथिनांवर मर्यादा असलेले रुग्ण यांत तो देऊ नये. शाकाहारी कुटुंबांत डाळिंब व शुंठीने सिद्ध केलेला मुद्गयूष पुरेसा उपयोगी पडतो.

एक उदाहरण. आंत्रिक ज्वरानंतर अरुची व दौर्बल्य असलेला साठीतील शेतकरी रुग्ण. मुलाने रस्त्यावर विकत घेतलेले सहा लावे आणले होते. त्यांतील दोन संध्याकाळपर्यंत मेले. उरलेले वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून सुपूर्द करण्यास सांगितले. रुग्णाची जिव्हा साम होती. तेव्हा आठ दिवस पेया व मुद्गयूष दिला. भूक लागू लागल्यावर पाळीव बटेराचा रस सुरू केला. तीन आठवड्यांत रुग्ण शेतापर्यंत चालत जाऊ लागला. पहिल्याच दिवशी रस्सा दिला असता, तर अग्नी आणखी मंदावला असता.

उपसंहार

नातेवाइकांस सांगताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम रुग्णाचा अग्नी पाहावा. रस लागतो की नाही ते ठरवावे. लागल्यास आवश्यक परवानग्या असलेल्या पालनकेंद्रातून पावतीसह पक्षी आणण्यास सांगावे. अवयव, मात्रा व संस्कार लिहून द्यावेत. रानपक्षी का नको, हे सांगताना आधी त्याज्य मांसाच्या कसोट्या सांगाव्यात, मग कायदा. कायद्याच्या धाकाने गप्प बसलेला माणूस दुसरीकडे चौकशी करतो. रुग्णाच्या हिताचे कारण पटलेला माणूस शेजाऱ्यालाही तेच सांगतो.