चषकाचा मान

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात एडमंटन व कॅल्गरी ही शहरे सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर वसलेली आहेत. बर्फावरील हॉकीत एडमंटनचा ऑइलर्स व कॅल्गरीचा फ्लेम्स हे संघ परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी होत. शेजाऱ्याकडून झालेला पराभव अधिकच झोंबतो!

३० एप्रिल १९८६ रोजी या संघांचा निर्णायक सामना एडमंटनला चालला होता. दोघांचेही दोन-दोन गोल झाले होते. एडमंटनचा स्टीव्ह स्मिथ आपल्याच गोलामागून रबरी चकती पुढे धाडू लागला; तोच ती आपल्या गोलरक्षकाच्या पायाला लागून गोलात शिरली. कॅल्गरीचा विजय झाला. त्या दिवशी स्मिथचा तेविसावा वाढदिवस होता. त्याला अश्रू आवरेनात.

पुढच्याच वर्षी, १९८७ साली, एडमंटनने मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला. कर्णधार वेन ग्रेट्झकी याने तो उंचावला आणि सर्वांआधी कोणाच्या हाती दिला? स्टीव्ह स्मिथच्या! सहकाऱ्याची चूक पोटात घालून त्याला पुन्हा ताठ मानेने उभे करणे, हाही पराक्रमच होय.

स्वाध्याय : कर्णधाराने चषक प्रथम स्मिथच्या हाती का दिला असावा?