गुप्त संख्येचा खेळ : चल आणि आदान

प्रा. व्ही. राजारामन हे १९८२ मध्ये बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेत आले. तत्पूर्वी ते कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन करीत असत. तेथे १९६३ मध्ये आय.बी.एम. १६२० हा संगणक बसविण्यात आला होता. त्याला आज्ञावली द्यावयाची म्हणजे ती पत्त्यांवर भोके पाडून लिहावी लागे. आज बंगळूरुतील शाळकरी विद्यार्थी कळफलकावर उत्तर लिहितो आणि क्षणार्धात यंत्राचे प्रत्युत्तर वाचतो. साधने पालटली, तथापि नवशिक्याने प्रथम आत्मसात करावयाच्या दोन कल्पना त्याच आहेत : चल आणि आदान. एका लहानशा खेळाच्या साहाय्याने त्या समजून घेऊ.

संगणकाने १ ते १०० यांमधील एक संख्या मनात धरावी व खेळाडूने ती ओळखावी, असा हा खेळ आहे. त्याची आज्ञावली पुढीलप्रमाणे मांडता येईल :

१. ‘गुप्त’ या चलात कोणतीही एक संख्या ठेवा.
२. ‘प्रयत्न’ या चलात ० ठेवा.
३. खेळाडूने लिहिलेले ‘उत्तर’ या चलात घ्या.
४. ‘उत्तर’चे संख्येत रूपांतर करून ते ‘अंदाज’ या चलात ठेवा.
५. प्रयत्न = प्रयत्न + १.
६. अंदाज लहान असल्यास ‘वाढवा’ व मोठा असल्यास ‘कमी करा’ असे सांगून पायरी ३ कडे जा. समान असल्यास ‘प्रयत्न’ दाखवून थांबा.

चल म्हणजे नाव दिलेला कप्पा होय. त्यातील वस्तू बदलते, नाव बदलत नाही. पाचवी पायरी बीजगणितात असंभवनीय ठरेल, कारण कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही. येथे मात्र ‘=’ हे विधान नसून आज्ञा आहे : उजवीकडील किंमत काढा व ती डावीकडील कप्प्यात ठेवा.

चौथी पायरी अनेक विद्यार्थी गाळतात आणि खेळ बिघडला की निराश होतात. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते, की विद्यार्थी मंद नसतो. पायथन भाषेत कळफलकावरून आलेले आदान संख्या नसून अक्षरांची माळ असते. अक्षरांची तुलना शब्दकोशाप्रमाणे पहिल्या चिन्हापासून होते. म्हणून ‘९’ ही माळ ‘१०’ या माळेहून मोठी ठरते! माळेची संख्येशी तुलना करू गेल्यास यंत्र दोष दाखवून थांबते. म्हणून आधी रूपांतर, मग तुलना.

१९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या या भाषेची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. तीत चलांना देवनागरी नावे देता येतात आणि खेळाडूने लिहिलेल्या ‘४०’ या देवनागरी अंकांचेही संख्येत रूपांतर होते. भाषेचे मूळ शब्द परकीय असले, तरी विचार मायबोलीत मांडण्यास प्रत्यवाय नाही.

आता स्वतः खेळून पाहावे. गुप्त संख्या ४० आहे असे समजू. दर वेळी उरलेल्या संख्यांचा मध्य घेतल्यास अंदाज होतील : ५०, २५, ३७, ४३, ४०. या रीतीने १०० पैकी कोणतीही संख्या अधिकात अधिक ७ प्रयत्नांत सापडते, कारण प्रत्येक उत्तराने शक्यता निम्म्यावर येतात.

अभ्यास : मर्यादा १००० पर्यंत वाढविल्यास किती प्रयत्न पुरेसे होतील? प्रथम कागदावर उत्तर काढावे, नंतर आज्ञावलीने पडताळावे.