प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन एकाच तराजूत

प्रभार, आरसा आणि काळ तिन्ही एकदम उलटवले तरी भौतिकीचे नियम तेच राहतात, असे आपण मानतो. ते खरे असेल तर प्रतिप्रोटॉनचे प्रभार-वस्तुमान गुणोत्तर प्रोटॉनइतकेच भरले पाहिजे. फरक फक्त चिन्हाचा. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये ‘बेस’ गट हे पडताळतो, त्याची ही कृती.

सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची कडी एका ओळीत बसवा आणि अतिवाहक चुंबकाच्या सुमारे 1.95 टेस्ला क्षेत्रात ठेवा. चुंबकीय क्षेत्र कणाला गोल फिरवते, कड्यांवरचे व्होल्टेज त्याला दोन्ही टोकांनी अडवते. हा पेनिंग सापळा. तो द्रव हेलियमने उणे 269 अंशांपर्यंत थंड करा. उरलेली हवा भिंतींवर गोठून जाते. इथे हयगय नको: हवेच्या रेणूशी गाठ पडली की प्रतिप्रोटॉन संपलाच. अशा निर्वातात त्यांना 405 दिवस सांभाळले गेले आहे.

आता एक प्रतिप्रोटॉन घ्या. जोडीला प्रोटॉन मात्र घेऊ नका. त्याचा प्रभार उलटा, म्हणून व्होल्टेजही उलटे करावे लागते. मग तो किंचित सरकून बसतो आणि तिथले चुंबकीय क्षेत्र वेगळे असते. त्याऐवजी हायड्रोजनचा ऋण आयन घ्या: एक प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन. दोन इलेक्ट्रॉनांचा हिशेब नंतर अचूक वजा करता येतो. मला या कृतीतली सर्वांत सुंदर युक्ती हीच वाटते.

कण दिसत नाही, ऐकावा लागतो. तो पुढेमागे डोलताना कड्यांत अतिसूक्ष्म प्रवाह उमटतो. कड्यांना जोडलेल्या अतिवाहक कॉइलचा गोंगाट पडद्यावर उंचवट्यासारखा दिसतो. कण असेल तर त्या उंचवट्यात बारीक खाच पडते. खाच जिथे, तिथे डोलण्याची वारंवारता. प्रदक्षिणेची वारंवारता, सेकंदाला जवळपास तीन कोटी फेऱ्या, याच खाचेच्या आधाराने काढा.

लगेच व्होल्टेज सरकवून त्याच जागी दुसरा कण आणा. चुंबकीय क्षेत्र हळूहळू ढळत असते, म्हणून एक तुलना चारेक मिनिटांत उरका. मग पुन्हा. डिसेंबर 2017 ते मे 2019 या काळात अशा सुमारे 24,000 तुलना झाल्या. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन्ही गुणोत्तरे एक लाख कोटीत 16 भाग इतक्या अचूकतेने जुळली.

मोजणी वर्षभर पसरू द्या. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते, जुलैत दूर. प्रतिद्रव्यावर गुरुत्वाचा परिणाम वेगळा असता तर गुणोत्तर ऋतूंबरोबर हलले असते. सुमारे 3 टक्क्यांच्या मर्यादेत तसा फरक सापडला नाही.