चालत्या हृदयांतील झडप

मळ्यांतील पंप दुरुस्त करावयाचा असला म्हणजे आपण प्रथम तो बंद करतों. परंतु जो पंप बंद ठेवतांच जीव धोक्यांत येतो, त्याची गळकी झडप कशी बदलावी? हृदयाविषयीं हाच प्रश्न डॉक्टरांपुढें होता.

हृदयांत चार झडपा आहेत. रक्तास पुढें जाऊं द्यावें, मागें फिरूं देऊं नये, एवढेंच त्यांचें काम. महाधमनीच्या मुखावरील झडप नीट मिटेनाशी झाली म्हणजे पुढें लोटलेलें रक्त मागें येतें. तेंच रक्त पुनःपुन्हा लोटून हृदय फुगतें व अखेरीस थकतें.

हृदय व फुप्फुसें यांचें काम यंत्राकडे सोंपवून हृदय उघडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ सालीं झाली. त्यापूर्वींच, सप्टेंबर १९५२ मध्यें, वॉशिंग्टन येथें डॉ. चार्ल्स हफनेगल यांनीं एक युक्ति योजिली. हृदयास हात न लावतां त्यांनीं छातींतून खालीं उतरणाऱ्या महाधमनींत एक नळी बसविली. तींत प्लास्टिकचा चेंडू होता. रक्त पुढें जातांना तो वाट देई. मागें फिरतांच तोंडावर बसून वाट अडवी. त्याची टकटक शेजारच्यासही ऐकूं येई! मूळ झडप गळकीच राहिली. परंतु शरीराच्या खालच्या भागांतून परतणारें रक्त थांबलें व हृदयाचा भार पुष्कळ उतरला.

पुढें १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआं येथें डॉ. आलँ क्रिबिए यांनीं मांडीच्या रक्तवाहिनींतून बारीक नळी चढविली, आणि छत्रीसारखी मिटलेली झडप चालत्या हृदयांत नेऊन फुग्यानें उघडली. तो रोगी अरुंद झडपेचा होता. अशा झडपेवर सांचलेला चुना नव्या झडपेस पकडून ठेवितो. गळक्या झडपेंत हा आधार बहुधा नसतो. म्हणून जुन्या झडपेच्या पाकळ्यांनाच चिमट्याप्रमाणें धरणाऱ्या झडपा आतां निघाल्या आहेत.

तथापि झडप बदलण्याहून ती बिघडूं न देणें बरें, असें आम्हांस वाटतें. आपल्या देशांत पुष्कळांच्या झडपा बालपणींच्या संधिज्वरानें बिघडतात, आणि त्याचा आरंभ घसादुखीपासून होतो. म्हणून मुलांनीं घसा दुखून ताप आल्यास तें लपवूं नये. कांहीं आठवड्यांनीं सांधे सुजूं लागल्यास आईबापांनीं वाढत्या वयाचें दुखणें म्हणून सोडून देऊं नये. डॉक्टरांस दाखवावें, व त्यांनीं दिलेलें औषध मध्येंच थांबवूं नये. नवी झडप घडविण्यास मोठी बुद्धि लागली. जुनी राखण्यास थोडी दक्षता पुरे.