चढ, उतार आणि ट्रेलर : सायकलने कामावर जाताना रस्ता कसा निवडावा

सकाळच्या पाळीला निघालेल्या सायकली पाहायच्या असतील तर सहा-साडेसहाच्या सुमारास कळंबोलीच्या एखाद्या नाक्यावर उभे राहावे. तळोजा एमआयडीसीतला कामगार, लोखंड-पोलाद बाजारात हमालीला निघालेला, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, कामोठे-खारघरच्या सोसायट्यांत घरकामाला जाणाऱ्या भगिनी. यांतल्या बहुतेकांनी सायकल व्यायामासाठी घेतलेली नाही, रिक्षाचे रोजचे पैसे वाचावेत म्हणून घेतली आहे. व्यायाम मात्र आपोआप होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. रोज जाऊन-येऊन अर्धा तास सायकल मारणाऱ्याचा हा हिशेब पाच दिवसांत पुरा होतो. रक्तदाब, मधुमेह, वजन या तिघांनाही त्याचा उपयोग आहे. पण हा सारा फायदा माणूस सुखरूप घरी परतला तरच. म्हणून या वेळी आहार-औषधांऐवजी आपण रस्त्याचाच अभ्यास करू.

पनवेल तसे खाडीच्या बाजूचे, सखल गाव. प्रबळगड, माथेरान, कर्नाळ्याचा सुळका हे सगळे डोंगर घरातून दिसतात, पण रोजच्या वाटेत येत नाहीत. खारघरचे तसे नाही. ते डोंगराच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे महामार्गाकडून आत जाताना रस्ता नकळत चढत जातो, आणि टेकडीवरच्या फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा तर चांगलाच चढतो. गोवा महामार्गाने पेण बाजूकडून येणाऱ्याला कर्नाळ्याची खिंड लागते. बाकी पनवेलकरांचे खरे घाट म्हणजे उड्डाणपूल. जुने पनवेल रेल्वेच्या एका बाजूला, नवीन पनवेल दुसऱ्या बाजूला. कामोठे, कळंबोली, खारघर यांच्यामधून सायन-पनवेल महामार्ग गेलेला. कुठून कुठे जायचे म्हटले की पूल आलाच.

चढाचा शरीरावर भार किती पडतो? माणूस ६० किलोचा, जुनी काळी सायकल सुमारे २० किलोची, म्हणजे डबा-पिशवी न धरताही ८० किलो. शंभर मीटरमध्ये पाच मीटर चढणारा रस्ता असेल तर हे ८० किलो वजन आपण जवळजवळ दीड मजला वर उचलून नेतो. सपाटीवर ताशी दहा किलोमीटर वेगाने जायला जेवढी ताकद लागते, तिच्या चार-पाचपट ताकद त्याच वेगाने हा चढ चढायला लागते. एवढी ताकद कोणी फार वेळ लावत नाही, म्हणून वेग आपोआप ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. धोका सुरू होतो तो इथे. हळू चालणारी सायकल डुलते, तिला चालायला रुंद जागा लागते. आणि पुलावर जागा नेमकी कमी असते. डावीकडे कठडा, खाली उतरायला माती नाही, उजवीकडून ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १४ मीटर कापत ट्रक येतो आहे.

चढाला माणसे घाबरतात, पण चढाने सहसा कोणी मरत नाही. मारतो तो वेगातला फरक. लांबच्या पण संथ रस्त्यावरचा चढ हा जवळच्या पण भरधाव रस्त्यावरच्या सपाटीपेक्षा बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन किलोमीटर जास्त पडले तर आठ-दहा मिनिटे आधी निघावे लागेल, एवढेच.

पनवेलला ही गोष्ट जास्त लागू पडते, कारण मुंबई-पुण्याचा जुना महामार्ग, गोवा महामार्ग आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराचा रस्ता पनवेलच्याच आसपास एकत्र येतात. १९८९ साली बंदर सुरू झाले तेव्हापासून कंटेनरचे ट्रेलर आपल्या दारातून जातात. द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो. त्यावर सायकलला बंदी आहे, तेव्हा तो प्रश्नच नाही. पण त्याच्यावर चढणारी आणि त्याच्यावरून उतरणारी वाहने आपल्याच चौकांतून वळतात.

ट्रेलरचे वळणे नीट समजून घेतले पाहिजे. चालक उजवीकडे उंच बसतो. त्याच्या डाव्या हाताला, केबिनच्या अगदी लगत, जी जागा असते ती त्याला जवळपास दिसतच नाही, आणि सायकलवाला नेमका तिथेच असतो. दुसरे असे की ट्रेलर डावीकडे वळताना पुढची चाके मोठा वळसा घेतात, पण मागची चाके कोपरा कापत आतून जातात. पुढचे तोंड आपल्यापासून दूर गेले म्हणून आपण निश्चिंत होतो आणि मागचा भाग अंगावर येतो. सिग्नलला ट्रेलरच्या डावीकडून पुढे घुसू नये. त्याच्या मागे थांबावे, तो वळून जाऊ द्यावा. रस्ता निवडतानाही हेच मोजावे: वाटेत अशी डावी वळणे किती आहेत, जिथे अवजड गाड्या वळतात? ज्या वाटेवर अशी वळणे कमी, ती वाट आपली.

कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती सेक्टरांत आखलेल्या आहेत, याचा फायदा घ्यावा. महामार्गाच्या कडेने तीन किलोमीटर जाण्याऐवजी सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांनी जाता येते. तिथे गतिरोधक आहेत, शाळा आहेत, वाहनांना वेग घेता येत नाही. खारघरहून तळोज्याच्या बाजूला जाणाऱ्याने मुंब्रा-पनवेल रस्त्याचा विचार करण्याआधी मेट्रोच्या खांबांच्या बाजूने पेंधरकडे जाणारी वाट पाहून घ्यावी. मोठा रस्ता ओलांडणे कुठेच चुकत नाही, पण तो एकदाच आणि सिग्नलवर ओलांडावा. पूल टाळताच येत नसेल तर चढाच्या सुरुवातीला उतरून, पदपथ असल्यास त्यावरून, सायकल हातात धरून चालत जावे. यात कमीपणा काहीच नाही. भरलेल्या सायकलवर कठड्याला घासत डुलण्यापेक्षा दोन मिनिटे चालणे शहाणपणाचे.

धुराचाही विचार करायला हवा. चढावर श्वास जोरात आणि खोल चालतो, आणि भरलेला ट्रकही चढावरच जास्त धूर सोडतो. म्हणजे ज्या क्षणी फुफ्फुसे सर्वात जास्त हवा ओढतात, त्याच क्षणी हवा सर्वात वाईट असते. दमा असणाऱ्यांनी तर ट्रकांचा पूल वर्ज्यच समजावा. एक गल्ली आत सरकले तरी धूर पुष्कळ कमी होतो.

आता उतार. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच हवा, असा काही नियम नाही. चढायला संथ रहदारीचा रस्ता शोधावा. उतरायला असा शोधावा जिथे पुढचे दूरवर दिसते, मध्ये गल्ल्या फुटत नाहीत आणि खड्डे कमी आहेत. उतारावर वेग १५ वरून ३० झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. पावसात रिम ओली असली की ब्रेकचे रबर आधी पाणी पुसते, मग धरते, म्हणून अंतर आणखी वाढते. उतार लागण्याआधीच ब्रेक दोन-चारदा हलके दाबून रिम कोरडी करावी, आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरावेत. गटारावरच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर चाक अडकते. पाणी साचलेल्या भुयारी मार्गात खड्डा दिसत नाही. लोखंड बाजाराच्या आसपास पत्र्याचे तुकडे पडलेले असतात, पंक्चर नेमके उतारावर व्हायला नको. जूनमध्ये आपली वाट पुन्हा एकदा तपासावी. उन्हाळ्यात उत्तम असलेली वाट पावसाळ्यात तशी राहील असे नाही.

शरीराचेही थोडे. गुडघे दुखतात अशी तक्रार असेल तर आधी सीट पाहावी. पायडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट फार खाली असते आणि चढावर सगळा भार गुडघ्यावर येतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चढ चढू नये, आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. हात थरथरले, घाम सुटला, डोके हलके झाले तर थांबून तो खावा. छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर ‘चढ आहे म्हणून’ असे म्हणून पुढे जाऊ नये. सायकल बाजूला लावून १०८ ला फोन करावा.

वाट ठरवायची कशी? रविवारी विहारात वंदना झाल्यावर एकाच दिशेला कामाला जाणारे पाच-सहा जण बसले तर कागदावर नकाशा काढायला अर्धा तास पुरतो. कुठे ट्रेलर वळतात, कुठे दिवे बंद आहेत, कुठे कुत्री मागे लागतात, हे रोज जाणाऱ्याला ठाऊक असते, गुगलच्या नकाशाला नसते. भगिनींना जरूर विचारावे. ओसाड वाट ट्रकांपासून सुरक्षित असली तरी रात्री आठनंतर त्यांच्यासाठी सुरक्षित असेलच असे नाही, आणि तेव्हा दिवे व दुकाने असलेली वाटच योग्य. ठरलेली वाट आधी सुट्टीच्या दिवशी फिरून पाहावी, मग एकदा पाळीच्या खऱ्या वेळेला. सकाळी सहाचा रस्ता आणि संध्याकाळी सातचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. रात्री परतणाऱ्याने मागे लाल दिवा आणि चाकांना, दप्तराला चमकणारी पट्टी लावावी. बंद दिव्यांची आणि उघड्या गटारांची यादी झाली की ती सह्यांसह पनवेल महानगरपालिकेकडे द्यावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि त्या पोचेची एक प्रत विहाराच्या फलकावर लावावी.